ऊन चढलं की मालेगाव लागतं

१० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी मला मालेगाव ऐकू आलं. फोनवर नाही. गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी मी जी तांब्याची तार ताणली आहे, तिच्यातून.

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. रेडिओवाल्यांना लॉगबुक ठेवावं लागतं, पण त्यात नुसते रकाने: तारीख, वेळ, समोरचं स्टेशन, आवाज किती स्वच्छ. तोंडून भलतंच निघून गेलं त्याला रकाना नाही. म्हणून ही वही. औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली डायरी, दहा महिने कोरी पडून होती.

तर मी उज्वला. वय एक्केचाळीस. नाशिकरोडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ हे मी दिवसातून साठ वेळा म्हणते. कुंभमेळ्याच्या तयारीत आपत्ती व्यवस्थापनाचं एक प्रशिक्षण निघालं. मोबाइल बंद पडले तर हौशी रेडिओवाले कामी येतात, म्हणून आमच्या दवाखान्यातून एक माणूस मागितला. बाकी सगळ्यांना त्या दिवशी काही ना काही काम निघालं. मला निघालं नाही. गेले, बसले आणि वेडी झाले. परीक्षा दिली, लायसन आलं, कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं अक्षरा-आकड्यांचं नाव, मिळालं. घोटीच्या निवृत्तीकाकांनी त्यांचा जुना सेट दिला. काकांची भाताची गिरणी आहे, आणि रोज सकाळी साडेसातला ते रेडिओवर साऱ्या महाराष्ट्राची हजेरी घेतात. कोल्हापूर, अकोला, रत्नागिरी, सगळे हजर म्हणतात. शाळाच.

आज पहिल्यांदा माझ्या हाकेला कुणी उत्तर दिलं. ‘मालेगावहून दिनेश, आपला आवाज छान येतोय, ओव्हर.’ मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘श्वास घ्या.’

मग मालेगाव म्हणालं, ‘घेतला. ओव्हर.’

आई स्वयंपाकघरातून धावत आली, मी रडते आहे असं तिला वाटलं. मी हसत होते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज पहाटे साडेपाचलाच सेट लावला. दिल्ली ऐकू येत होती. चेन्नई तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखी. पण मालेगाव नाही. शंभर किलोमीटरवरचं गाव गप्प आणि चेन्नई बडबडतेय. सात वाजले, समोरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन आलं, आणि आधी खरखर, मग त्या खरखरीतून हळूहळू दिनेशभाऊ. म्हणजे माणूस पाण्यातून वर यावा तसा आवाज वर आला.

काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी आज दवाखान्यात दिवसभर वर बघत होते, पेशंटला वाटलं छताला पाल आहे.

वर, पार वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, जिथे हवा जवळजवळ संपते, तिथे सूर्याचे किरण हवेच्या कणांवर आदळून त्यांच्यातली वीज मोकळी करतात. त्या मोकळ्या विजेचा थर तयार होतो. आमचे आवाज त्या थराला जाऊन लागतात आणि खाली येतात. लांबच्या गावी आवाज तिरका जातो, तो रात्रीच्या विरळ थरावरूनही परततो. पण मालेगाव जवळ. तिथे आवाज सरळ वर जाऊन सरळ खाली यावा लागतो, आणि रात्रीचा विरळ थर त्याला अडवत नाही. पहाटे मी ‘मालेगाव, मालेगाव’ म्हणून हाका मारत होते त्या सगळ्या थर फोडून अंतराळात गेल्या. आत्तापर्यंत चंद्राच्याही पलीकडे गेल्या असतील. सूर्य उगवला, थर दाट झाला, की ऊन चढेल तसं मालेगाव लागतं.

शिवाय सध्या सूर्य जोरात आहे. अकरा वर्षांनी एकदा त्याला असा भर येतो, अंगावर डागच डाग. मी नेमकी या वर्षी रेडिओ शिकले. मला कुणी तरी आमंत्रणच पाठवलं म्हणायचं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘दिल्ली लागते, चेन्नई लागते, मग तुला मालेगावच कशाला पाहिजे?’ मी म्हटलं, शास्त्रीय कुतूहल.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिनेशभाऊंची माहिती (नोंद म्हणून): वय पंचेचाळीस. यंत्रमागाच्या मोटारी जळल्या की त्यांची तांब्याच्या तारेची वाइंडिंग नव्याने भरून देतात. स्वतःचं दुकान. बायको आठ वर्षांपूर्वी आजारपणात गेली. हे त्यांनी अँटेनाच्या खांबाबद्दल बोलताना सांगितलं, म्हणजे खांब कधी उभा केला ते सांगताना. मूल नाही. मिसळीत दही घालतात, हे चूक आहे असं मी त्यांना सांगितलं. यावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली.

आमच्या गप्पा चालू असताना मधे कुणी बोलत नाही, हे एक नवलच. एरवी या बँडवर, म्हणजे रेडिओच्या या पट्ट्यात, दोन मिनिटं जागा रिकामी मिळत नाही. आम्ही बोलायला लागलो की सगळा महाराष्ट्र कुठे जातो कोण जाणे. नशीब आमचं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. सुट्टी. मालेगावशी दोन तास अकरा मिनिटं. लॉगबुकात विषयाचा रकाना नाही ते एका परीने बरंच.

२४ नोव्हेंबर, रविवार

योगेशचा फोन. माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. मोठा फ्लॅट घेतलाय, पंधरावा मजला. आईला आणि मला तिथे बोलावतोय. त्याच्या ओळखीच्या एका दवाखान्यात माझ्यासाठी जागाही आहे, जानेवारीपासून. ‘ताई, तू एकटी किती करशील? आता आमची पाळी.’ मनापासून म्हणतोय. वहिनीही मनापासून म्हणतेय. एकतीस डिसेंबरपर्यंत सांग म्हणाला.

नाही म्हणायला एकही कारण नाही. बाबांच्या आजारपणात माझं लग्न राहून गेलं, मग राहूनच गेलं. इथे आहे काय? नोकरी, तीही तिथे मिळतेय. आईला नातवंडं मिळतील.

तरी मी विचारलं, गच्चीत तार बांधता येईल का? म्हणाला, सोसायटी गच्चीत काहीच लावू देत नाही.

मला जायचं नाही. का, ते शोधते आहे. बहुतेक अँटेना.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दिनेशभाऊंना पुण्याचं सांगितलं. ते म्हणाले की पुण्यातही बँड चांगला असतो. मी सोसायटीचं सांगितलं. ते म्हणाले, मग वाईट. एवढंच. मी निरोप घेतला.

रेडिओवर निरोप घेताना ‘त्र्याहत्तर’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. तारेच्या जमान्यातली जुनी खूण आहे. मी म्हटलं, त्र्याहत्तर. ते म्हणाले, अठ्ठ्याऐंशी. आणि लगेच त्यांचा आवाज बंद.

मधेच निवृत्तीकाकांनी घसा साफ केला, रेडिओवर. म्हणजे काकाही तिथेच होते. मी मनात म्हटलं, चुकतो माणूस आकड्यात.

एक गोष्ट मात्र आहे. आधी ते मला ‘उज्वलाताई’ म्हणायचे. पंधरा दिवस झाले, नुसतं कॉलसाईन घेतात. नियमाप्रमाणे वागायचं ठरवलं असावं. मीही आजपासून भाऊ म्हणणं बंद केलं, नियम सगळ्यांना सारखा.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. आई आणि मी पांढऱ्या साड्या नेसून विहारात जाऊन आलो. येताना आईने विचारलं, ‘त्या मालेगाववाल्याचं आडनाव काय?’

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सव्वीस दिवस मी या माणसाशी बोलते आहे. त्याच्या दुकानाच्या फळ्या कशा उघडतात, तो आवाज मला पाठ आहे. आडनाव कधी विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. रेडिओवर माणूस म्हणजे कॉलसाईन. त्यावरून देश कळतो, बस्स. पेशंटच्या फॉर्मवर मात्र मी रोज आडनाव लिहिते, आणि ते वाचून कुणाकुणाच्या चेहऱ्यावर काय बदलतं तेही मी बघत आले आहे.

आईने वाटेत मेथीची जुडी घेतली.

(आज पहिल्यांदा ‘तो’ असं लिहिलं. वर ‘ते’ होते. खोडत नाही.)

८ डिसेंबर, रविवार

जेवले नाही, आधी लिहिते.

सकाळच्या हजेरीत तो म्हणाला होता की दुपारी अडीचला येशील— येणार का? (‘येशील’ म्हणून मग सुधारलं.) मी दोनपासून बसले होते. तो दोन वीसला आला. हवापाण्याचं बोलला. मग थांबला. मग म्हणाला, ‘एक विचारायचं होतं. बरेच दिवस झाले. तुम्ही पुण्याला जायच्या आधी... मला तुमच्याकडून...’

आणि आवाज बुडाला. अगदी विहिरीत उतरत गेल्यासारखा, खोल, खोल, आणि गेला. मी ‘परत सांगा’ म्हटलं. काही नाही. तबकडी फिरवली. दिल्ली नाही, चेन्नई नाही, कोलंबो नाही. खरखरसुद्धा नाही. कानात कापूस घातल्यासारखं. सगळं जग एकाच क्षणी उठून गेलं.

सेट गेला. दुसरं काय असणार? फ्यूज बघितला, ठीक. केबल हलवली, ठीक. गच्चीत पळाले, तार जागेवर. एक कावळा बसला होता, त्याला उगाच हाकललं. खाली आले, वर गेले, खाली आले. आई म्हणाली, ‘अगं, फोन कर त्याला.’ फोन कर म्हणे. नंबर रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर आहे. पण फोन करायचा म्हणजे काहीतरी कारण लागतं. रेडिओवर कारण लागत नाही, म्हणून तर रेडिओ.

चार वाजायच्या सुमारास हळूहळू एकेक परत आले. आधी खरखर, मग लांबचे, मग जवळचे. सेट ठणठणीत.

मालेगाव नव्हतं. मी अंधार पडेपर्यंत बोलावलं.

माझ्याकडून काय? काय हवं असेल?

९ डिसेंबर, सोमवार

सूर्याने केलं. सेटने नाही, कावळ्याने नाही, खुद्द सूर्याने.

काकांनी सकाळी सगळ्यांना सांगितलं. काल दुपारी सूर्यावरच्या एका डागापाशी मोठा स्फोट झाला. त्यातून क्ष-किरणांचा लोट निघाला. हो, क्ष-किरण, माझेच. मी रोज ज्यांच्याशी खेळते ते. प्रकाशाच्याच वेगाने येतात, सव्वाआठ मिनिटांत इथे. आधी सूचना मिळायची सोयच नाही, कारण सूचना आणि ते एकदमच पोचणार. वरचा जो थर आमचे आवाज परत पाठवतो, त्याच्या पुष्कळ खाली, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, दुसरा एक थर असतो. तो आवाज गिळतो. एरवी थोडेथोडे गिळतो, पण क्ष-किरण आदळले की तो माजतो आणि सगळंच गिळून टाकतो. पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस होता तिथले सगळे असे तास-दीड तास मुके झाले.

म्हणजे ज्या सूर्याने आमच्या गप्पा महिनाभर वर धरून ठेवल्या, त्यानेच ऐन वेळी वाक्य खाल्लं. इतकं मोठं अंतर, पंधरा कोटी किलोमीटर, आणि नेम धरून माझ्या वाक्यावर. मला राग यायला हवा होता. मी आरशासमोर उभी राहून हसत होते.

मग दुपारी लक्षात आलं. माझा आवाजही गिळला गेला असणार. मी ‘परत सांगा’ म्हटलं ते त्याला ऐकू आलंच नसेल. त्याला काय वाटलं असेल? त्याने विचारलं, आणि मी गप्प?

तो आज हजेरीला नव्हता.

११ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस मालेगाव गैरहजर. काकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, मालेगावची काही खबर? अकोल्याने विचारलं. रत्नागिरीच्या बाईंनी विचारलं, त्यांच्याशी मी जन्मात बोललेले नाही. मलाच का विचारतात सगळे?

संध्याकाळी धीर करून काकांना फोन केला आणि आडवळणाने विचारलं, काका, अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय हो? काका म्हणाले, ‘बाई, ते मी तुला कसं सांगू? परीक्षेच्या पुस्तकात बघ.’

बघितलं. पान एकशे चार. अठ्ठ्याऐंशी: प्रेम आणि पापे.

वही बंद करून परत उघडली आहे. काय लिहावं कळत नाही. गरम होतंय. डिसेंबर आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात एका आजोबांच्या उजव्या गुडघ्याऐवजी डाव्याचा फोटो काढला. ते म्हणाले, असू दे पोरी, तोही दुखतोच.

ठरलं. शनिवारी सुट्टी टाकून मालेगावला जायचं. उत्तर तयार आहे. रात्रभर आईच्या शेजारी पडून तयार केलं. हो. एवढंच आहे, पण तयार करायला वेळ लागला.

१४ डिसेंबर, शनिवार

सगळं क्रमाने.

सकाळी सातची एसटी. पिंपळगावपर्यंत द्राक्षांचे मांडव, चांदवडचा डोंगर, राहूडचा घाट. साडेनऊला मालेगाव. रिक्षावाल्याला मोटार रिवायंडिंगवाले दिनेश म्हटलं तर त्याने थेट दुकानासमोर सोडलं. सगळ्या गल्लीत मागांचा खटखटाट, शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. आणि दुकानात, मोटारींच्या उघड्या पोटांमधे, हात ग्रीसने माखलेला, एक उंच, किंचित वाकलेला माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तोंड उघडायच्या आधी ओळखलं.

त्यानेही मला ओळखलं. हातातला पाना स्टुलावर ठेवला, तो पडला, परत उचलला, परत ठेवला.

मी सगळं पाठ केलं होतं. सूर्य, क्ष-किरण, गिळणारा थर. म्हणाले, तुमचं वाक्य अर्धंच पोचलं. मला तुमच्याकडून, इथपर्यंत. पुढे काय होतं ते विचारायला आले.

तो भिंतीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. मागांचा आवाज एवढा की मला वाटलं बोलला आणि मी ऐकलं नाही. मग म्हणाला, ‘तार. तार हवी होती. तांब्याची. माझ्या अँटेनाची तुटली शे.’ (‘शे’ म्हणजे आहे, तिकडची बोली.)

तार.

मी म्हटलं, देते की. बारा मीटर शिल्लक आहे. तो म्हणाला, बारा मीटर पुष्कळ. मग समोरच्या हॉटेलातून चहा आला. आम्ही चहा प्यायलो. त्याच्या मागे फळीवर नव्या कोऱ्या तांब्याच्या तारेची रिळं होती, मी उगाच मोजली, एकवीस. ज्याचं अख्खं दुकान तारेचं त्याला माझी तार कशाला? बहुधा मोटारीची तार बारीक असते, अँटेनाला चालत नसेल.

तो स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडीत खिडकीजवळची जागा त्याने रुमाल टाकून धरली. गाडी सुटेपर्यंत खाली उभा होता.

राहूडच्या घाटापर्यंत मी हसत होते. प्रेम आणि पापे, म्हणे. बाईने आकडा ऐकला आणि शंभर किलोमीटर गेली. चांदवडनंतर डोळ्यांत धूळ गेली. खिडकीची जागा, दुसरं काय होणार?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रिळं किती म्हणालीस?’ मी एकवीस म्हटलं. ती म्हणाली, ‘तार दे त्याला. पण पाठवू नकोस. म्हणावं, येऊन घेऊन जा. जेवायलाच ये.’

१७ डिसेंबर, मंगळवार

मालेगाव हजेरीला परत आलं. आवाज स्वच्छ. तुटलेल्या तारेवरून इतका स्वच्छ आवाज कसा येतो, ते विचारायचं राहिलं. आईचा निरोप दिला. रविवारी येतो म्हणाला.

योगेशला फोन केला नाही. काय सांगू? अँटेनामुळे येत नाही? आता तर तेही कारण खरं वाटत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

तो आला. इस्त्रीचा शर्ट. हातात मालेगावच्या बेकरीची नानकटाई आणि आईसाठी शाल. तार न्यायला शाल कशाला, मी विचारलंही, तो म्हणाला थंडी आहे.

आईने दारातच आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. आमच्यातला नाही. आईने एकदा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाली, ‘आमच्या घरचं चालतं ना जेवायला?’ चूल असती तर मी तिच्यात उडी घेतली असती— असो, गॅस आहे आमच्याकडे. मला त्या एका क्षणात जमिनीत जावंसं वाटलं.

तो म्हणाला, ‘मावशी, साडेसातची गाडी चुकली, नाहीतर मी अकरालाच ताटावर बसलो असतो.’

चार भाकरी खाल्ल्या त्याने. आईने वाढल्या, त्याने खाल्ल्या. चौथीला आई हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मला आठवत नाही.

मग आम्ही गच्चीत गेलो. मी तार गुंडाळून ठेवली होती. ती त्याच्या हातात देताना माझ्या मनात काय आलं माहीत नाही. समोर ऊन होतं, वर निळं, आणि त्या निळ्याच्या वर ते सगळे थर. मी विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही तार मागितली नव्हती ना?’

तो तारेकडे बघत म्हणाला, ‘नाही.’

‘मग काय होतं ते आता विचारा.’

त्याने मान वर केली. म्हणाला, ‘तोंडावर नाही व्हायचं माझ्याच्याने. समोर माणूस दिसला की शब्द जातात. रेडिओवर येतं मला. उद्या सकाळपर्यंत थांबाल?’

मी काय म्हणणार? थांबते म्हटलं. तो चारच्या गाडीने परत गेला. तार गच्चीतच राहिली.

आईने विचारलं, ‘म्हणजे विचारायला परत मालेगावला गेला?’ मी हो म्हटलं. आई जरा वेळ गव्हातले खडे वेचत राहिली. ‘मग विचारेल तो,’ म्हणाली.

२३ डिसेंबर, सोमवार

सहालाच उठले. अंघोळ केली, केस विंचरले. रेडिओसाठी. साडी बदलली, तीही रेडिओसाठी. आईही नवी शाल घेऊन बसली होती.

सात पाचला सूर्य आला. बँडवर अजून लांबची गावं. सात पंधराला खरखर भरायला लागली. मी वर बघत होते, म्हणजे छताकडे, आणि मनात सूर्याला म्हणत होते, आज काही करू नकोस, बाबा. आज शांत बस. तुझे स्फोट उद्या कर.

साडेसातला काकांनी हजेरी सुरू केली. कोल्हापूर हजर. अकोला हजर. रत्नागिरी, लातूर, जळगाव, सगळे. इतकी हजेरी मी महिनाभरात ऐकली नव्हती. सात सत्तेचाळीसला मालेगाव म्हणालं, हजर. आणि एका स्टेशनशी खासगी बोलायचं आहे, परवानगी असावी.

काका म्हणाले, ‘घोटीकडून सर्व स्टेशनांना. कुणीही बटण दाबू नये.’

त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात मला माझ्या हातातल्या घड्याळाचा आवाज आला.

त्याने माझं कॉलसाईन घेतलं. मग नाव घेतलं. ताई नाही, मॅडम नाही. म्हणाला, ‘मी दोनदा लिहून काढलंय, वाचतोय. तुम्ही पुण्याला जाऊ नका असं सांगायचा मला काही हक्क नाही. आठ वर्षं मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मला तुमच्याकडून तेवढा एक हक्क पाहिजे. जाऊ नका म्हणायचा. देणार का? ओव्हर.’

मी बटण दाबलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

‘देते. ओव्हर.’

पलीकडून काही नाही. मी घाबरून सेटवरच्या सुईकडे बघितलं. सुई वर होती, म्हणजे त्याने बटण दाबलं होतं, फक्त बोलत नव्हता. मागे लांब कुठेतरी माग चालू होते. मग तो म्हणाला, अगदी हळू, ‘बरं शे.’ आणि पुढे, ‘मग जाऊ नका.’

यानंतर काय झालं ते सांगता येत नाही. कोल्हापूर म्हणालं, आवाज स्वच्छ मिळाला. अकोला म्हणालं, मिळाला. लातूर, जळगाव, रत्नागिरी. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे, एकावर एक, मिळाला, मिळाला. रत्नागिरीच्या बाई म्हणाल्या, आम्ही घरातले चौघं मिसळीच्या दिवसापासून ऐकतोय, आणि दही घालतातच. म्हणजे पाच आठवडे. म्हणजे सगळे. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि हसत बसले, मग हसता हसता रडले, आणि बटणावरचा हात काढायला विसरले, म्हणून तेही सगळ्यांना मिळालं.

मान वर केली तेव्हा आई फोनवर होती. मुलाशी बोलत होती, खणखणीत आवाजात. ‘योगेश, आम्ही काही पुण्याला येत नाही. तूच ये, लवकर ये. आणि येताना चांगला शर्ट आण, तुझ्या ताईचं लग्न आहे.’